बसल्या जागी उड्डाण : थोड्या खर्चात संगणक कसा सुधारावा

विमान उडविण्याची विद्या जमिनीवर बसून शिकता यावी, ही कल्पना विमानाच्या पाठोपाठच जन्माला आली. तिला पहिले खरे उपयोगी रूप दिले ते अमेरिकेतील बिंगहॅम्टन गावच्या एडविन लिंक याने. त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. लिंकला विमान चालविण्याची हौस मोठी. परंतु प्रत्यक्ष उड्डाणाच्या शिकवणीचा खर्च त्या काळी फार होता. म्हणून त्याने ऑर्गनचे भाते, झडपा आणि हवेचे पंप जोडून १९२०-३० या दशकाच्या अखेरीस आखूड पंखांचे एक खोके तयार केले. आत बसणाऱ्याने दांडा ओढला की भात्यांत हवा भरे आणि खोके विमानासारखे कलत असे. प्रारंभी ते जत्रेतील पाळण्यासारखे करमणुकीचे साधन म्हणून विकले गेले. पुढे १९३४ मध्ये अमेरिकी सैन्याच्या वैमानिकांवर टपाल वाहून नेण्याचे काम येऊन पडले. धुक्यात व वादळात केवळ उपकरणे पाहून विमान चालविण्याचा सराव नसल्याने त्यांपैकी अनेक जण प्राणास मुकले. तेव्हा सैन्याने अशी सहा खोकी विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लक्षावधी वैमानिक याच यंत्रावर प्राथमिक धडे शिकले.

या यंत्रातून खिडकीबाहेरचा देखावा दिसत नसे. जे शिकवावयाचे होते, म्हणजे उपकरणांवर नजर ठेवून विमान समतोल राखणे, तेवढेच त्यात होते आणि ते उत्तम होते. थोड्या पैशांत उड्डाणाचा सराव करू इच्छिणाऱ्या कोणालाही हे उदाहरण आजही मार्गदर्शक ठरेल.

संगणकाच्या पडद्यावर विमान आणले ते ब्रूस आर्टविक याने. १९७९ मध्ये त्याने अ‍ॅपल २ या संगणकासाठी उड्डाणाचा कार्यक्रम तयार केला आणि १९८२ मध्ये त्याच परंपरेतील ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ बाजारात आला. ऑगस्ट २०२० मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा उपग्रह व विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांच्या आधारे जवळजवळ सारी पृथ्वी पडद्यावर उतरली. त्यापुढील आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. यांखेरीज ‘एक्स-प्लेन’ हा विमानाच्या वायुगतिकीवर भर देणारा कार्यक्रम आहे, आणि ‘फ्लाइटगिअर’ हा तर पूर्णतः विनामूल्य आहे. देखावा जसजसा समृद्ध होत गेला, तसतशी संगणकाची भूकही वाढत गेली, आणि तेथूनच सामान्य कुटुंबापुढचा प्रश्न सुरू होतो.

पोलादाच्या गावातील प्रश्न

भिलाईतील सेक्टर ६ हा पोलाद कारखान्याच्या वसाहतीचा भाग आहे. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात फेब्रुवारी १९५५ मध्ये झालेल्या करारातून हा कारखाना उभा राहिला आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता; त्यामुळे विदर्भाशी या भागाचे नाते जुने आहे. या गावावर विमानांचीही सावली पडते. रायपूरच्या स्वामी विवेकानंद विमानतळावरून एखाद्या छोट्या सेस्ना विमानाने उड्डाण करून पश्चिमेकडे वळले, तर दहा-बारा मिनिटांत भिलाई येते, पुढे दुर्गजवळ शिवनाथ नदी ओलांडावी लागते, आणि तीच दिशा धरली तर सव्वा तासाच्या सुमारास नागपूर गाठता येते. वाटेत उत्तरेस गोंदियाजवळ बिरसी येथे वैमानिक घडविणारी ‘नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट’ ही संस्था आहे.

वैमानिक होऊ इच्छिणाऱ्या येथील मुला-मुलींना हा मार्ग घरच्या पडद्यावर पाहावासा वाटतो. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी भारतात किमान २०० तासांचे उड्डाण आवश्यक असते आणि घरच्या संगणकावरील तास त्यात धरले जात नाहीत. तरीही ज्या शिक्षणावर घरची बरीचशी पुंजी खर्च व्हावयाची आहे, त्याची आवड टिकाऊ आहे की नाही, हे आधी घरीच पडताळून पाहणे शहाणपणाचे होय. अडचण एवढीच, की घरातील संगणक सहा-सात वर्षांपूर्वी अभ्यासासाठी घेतलेला असतो. त्यावर नवा सिम्युलेटर चालू केला, की चित्र अडखळत पुढे सरकते. मग दुकानदार नवे ग्राफिक्स कार्ड सुचवितो, मित्र नवा प्रोसेसर घ्या म्हणतात, आणि पैसे मात्र एकदाच खर्च करता येण्याजोगे असतात.

चित्र कसे घडते

पडद्यावरील हालचाल म्हणजे एकामागून एक झरझर दाखविलेली स्थिर चित्रे होत. प्रत्येक चित्राच्या मागे दोन विभाग राबत असतात. प्रोसेसर विमानाची गती, वाऱ्याचा जोर, इतर विमानांची वाहतूक, डॅशबोर्डावरील उपकरणांचे आकडे यांचे गणित करतो आणि काय रेखाटावयाचे याची यादी तयार करतो. ग्राफिक्स कार्ड त्या यादीनुसार रंग भरून चित्र पूर्ण करते. रॅम ही दोघांची कामाची जागा, तर हार्ड डिस्क वा एसएसडी हे कोठार.

भिलाईच्या रहिवाशांना ही रचना नवखी वाटू नये. झोतभट्टीतून लोह येते, पुढच्या विभागात त्याचे पोलाद होते, आणि शेवटी रूळ लाटले जातात. पोलादाचा विभागच मंद असेल, तर रूळ लाटण्याची गिरणी दुप्पट मोठी करूनही एक रूळ अधिक निघणार नाही. साखळीचा वेग तिच्यातील सर्वांत संथ कडीइतकाच असतो.

समजा, एका चित्रासाठी प्रोसेसरला ४० सहस्रांश सेकंद लागतात आणि ग्राफिक्स कार्डाला १८. दोन्ही विभाग एकाच वेळी वेगवेगळ्या चित्रांवर काम करीत असल्यामुळे चित्रे येतात ती दर ४० सहस्रांशाला एक, म्हणजे सेकंदाला २५. आता दुप्पट वेगाचे महागडे ग्राफिक्स कार्ड बसविले, तर त्याचे काम ९ सहस्रांशांत आटोपेल आणि उरलेले ३१ सहस्रांश ते नुसते वाट पाहत राहील. चित्रे पूर्वीप्रमाणेच सेकंदाला २५ येतील. खर्च झालेला पैसा फुकट गेला, असे अशा वेळी म्हणावे लागते.

उड्डाणाच्या कार्यक्रमांत हा धोका इतर खेळांपेक्षा अधिक आहे. विमानाचे गणित क्रमाने करावे लागते. मागची पायरी झाल्याखेरीज पुढची घेता येत नाही. त्यामुळे प्रोसेसरात आठ किंवा सोळा गाभे असले, तरी बराचसा भार एकाच गाभ्यावर पडतो. २०२४ च्या आवृत्तीत हे काम पूर्वीपेक्षा अधिक विभागले गेले आहे; तथापि एका गाभ्याचा वेग हा निर्णायक गुण उरलाच आहे.

आधी मोजणी, मग खरेदी

संथ कडी कोणती, हे शोधण्यास एक पैसाही लागत नाही. एक ठरावीक उड्डाण निवडावे : तेच विमान, तेच हवामान, दिवसाची तीच वेळ. रायपूरहून भिलाईपर्यंतचा मार्ग हलक्या चाचणीस योग्य आहे. जड चाचणीसाठी मुंबईसारख्या दाट वस्तीच्या शहरावर उतरावे. दर सेकंदाची चित्रसंख्या टिपून घ्यावी. नंतर केवळ चित्राचे रिझोल्यूशन बरेच कमी करून तेच उड्डाण पुन्हा करावे. चित्रसंख्या लक्षणीय वाढली, तर अडथळा ग्राफिक्स कार्डात आहे. ती जवळपास तेवढीच राहिली, तर अडथळा प्रोसेसरात आहे. मायक्रोसॉफ्टच्या कार्यक्रमात विकासकांसाठीची सोय चालू केल्यास अडथळा कोठे आहे, हे पडद्यावर लिहूनच येते. एक्स-प्लेनमध्येही दोन्ही भागांचा वेळ वेगवेगळा पाहता येतो.

याच वेळी रॅम किती भरली आहे आणि प्रोसेसरचे तापमान किती आहे, तेही पाहावे. सरासरी चित्रसंख्या चांगली असून मधूनच झटके बसत असतील, तर दोष बहुधा रॅम वा कोठार यांत असतो.

किती चित्रे पुरेशी, याचाही विचार आधीच करावा. नेमबाजीच्या खेळांत सेकंदाला शंभरावर चित्रांचा आग्रह धरला जातो. विमानातून दिसणारा देखावा सावकाश सरकतो. सेकंदाला ३० चित्रे अखंड व समान अंतराने येत असतील, तर सरावास ती पुरतात. ३० ऐवजी ६० चा हट्ट धरणे म्हणजे प्रत्येक विभागाकडून निम्म्या वेळात काम मागणे होय, आणि खर्चही त्याच प्रमाणात फुगतो.

स्वस्त उपाय : धूळ, रॅम आणि एसएसडी

भिलाईचा उन्हाळा कडक असतो. मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जाणे नेहमीचे आहे. खोलीचे तापमान दहा अंशांनी चढले, की प्रोसेसरचेही जवळपास तितकेच चढते. एका मर्यादेनंतर प्रोसेसर स्वतःच्या रक्षणासाठी वेग कमी करतो. जानेवारीत सुरळीत चालणारा सिम्युलेटर मे महिन्यात अडखळू लागला, तर त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. पंख्यांतील धूळ काढणे, प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट बदलणे, आणि कॅबिनेट भिंतीपासून वीतभर दूर ठेवणे हे उपाय जवळजवळ फुकट आहेत. कूलरचा दमट झोत मात्र थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये.

रॅमच्या बाबतीत कार्यक्रमांच्या निर्मात्यांनी दिलेले आकडे मार्गदर्शक आहेत. २०२० च्या आवृत्तीसाठी किमान ८ आणि शिफारस १६ गिगाबाइटची होती. २०२४ च्या आवृत्तीसाठी हेच आकडे १६ आणि ३२ असे आहेत. पुष्कळ जुन्या संगणकांत ८ गिगाबाइटची एकच पट्टी असते. तिच्या जोडीला तशीच दुसरी पट्टी लावल्यास जागा तर दुप्पट होतेच, शिवाय प्रोसेसर आणि रॅम यांच्यामधील रस्ताही दुपदरी होतो. किमतींवर मात्र नजर ठेवावी : २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर झपाट्याने चढले. अशा काळात जुन्या संगणकातून काढलेली, त्याच प्रकारची वापरलेली पट्टी हा उत्तम पर्याय ठरतो.

हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घेतल्याने चित्रसंख्या वाढत नाही. परंतु कार्यक्रम सुरू होण्यास लागणारा वेळ आणि नवा प्रदेश डोळ्यांपुढे येताना बसणारे झटके पुष्कळ कमी होतात. साधी साटा एसएसडी आणि वेगवान एनव्हीएमई यांत सिम्युलेटरपुरता फरक थोडा आहे; म्हणून वेगापेक्षा आकारमानावर पैसे घालावेत. मायक्रोसॉफ्टच्या कार्यक्रमात देखाव्याचा मोठा भाग इंटरनेटवरून येत असतो. २०२४ च्या आवृत्तीसाठी सेकंदाला किमान १० आणि शिफारस ५० मेगाबिटची आहे. जोडणी मंद असेल, तर कितीही महाग यंत्र आणले तरी जमीन धूसरच दिसणार.

लॅपटॉपधारकांच्या हाती बहुधा एवढेच उपाय असतात, कारण त्यातील प्रोसेसर व ग्राफिक्स चिप बदलता येत नाहीत.

मोठे खर्च : ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर

मोजणीने ग्राफिक्स कार्डाकडे बोट दाखविले, तरच ते बदलावे. पडद्यावरील बिंदूंची संख्या येथे महत्त्वाची ठरते. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर सुमारे २१ लक्ष बिंदू असतात. ‘४के’ पडद्यावर ते चौपट, म्हणजे ८३ लक्ष होतात. पडदा बेताचा ठेवणे, ही कार्डावरील सर्वांत मोठी बचत होय. कार्डाची स्वतःची मेमरी अपुरी पडली, तर माल मुख्य रॅममध्ये हलवावा लागतो आणि चित्र गचके खाते. म्हणून ८ गिगाबाइटहून कमी मेमरीचे कार्ड आता घेऊ नये. लहान आकाराचे चित्र रेखाटून ते मोठे करून दाखविण्याची युक्तीही उपलब्ध आहे. एनव्हिडियाच्या डीएलएसएससाठी आरटीएक्स मालिकेचे कार्ड लागते. एएमडीच्या एफएसआरच्या आधीच्या आवृत्त्या जुन्या आणि इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालतात.

कार्डाबरोबर विजेचा हिशेब करणे भाग आहे. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट, आरएक्स ६६०० ला १३२ वॅट, तर आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागतात. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर असा भार टाकणे धोक्याचे. तो निकामी होताना इतर भागांनाही सोबत नेऊ शकतो. यूपीएसवर ६०० व्हीए लिहिलेले असले, तरी सामान्य घरगुती यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपासच पेलतो, हेही ध्यानात ठेवावे.

अडथळा प्रोसेसरात असेल, तर पहिला प्रश्न हा, की आहे त्याच मदरबोर्डावर अधिक चांगला प्रोसेसर बसतो काय. मदरबोर्ड बदलला, की पुष्कळदा रॅमही बदलावी लागते आणि खर्च तिप्पट होतो. एएमडीच्या एएम४ मालिकेच्या मदरबोर्डधारकांची स्थिती या बाबतीत चांगली आहे : बायोस अद्ययावत करून त्याच बोर्डावर बऱ्याच नंतरचे प्रोसेसर बसविता येतात. त्यांतही रायझन ७ ५८००एक्स३डी (२०२२) आणि ५७००एक्स३डी (२०२४) यांच्यात ९६ मेगाबाइटची मोठी कॅश आहे. प्रोसेसरला वारंवार लागणारी माहिती शेजारीच ठेवलेली असल्यामुळे विमानाच्या गणितात त्यांचा लाभ विशेष दिसतो. मदरबोर्डाच्या निर्मात्याच्या यादीत तो प्रोसेसर आहे, आणि दुकानात तो मिळतो, या दोन्ही गोष्टींची खात्री करूनच बेत आखावा.

इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचा प्रोसेसर असेल, तर त्या संगणकावर मोठा खर्च करू नये. विंडोज १० ची नियमित साहाय्यसेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि विंडोज ११ ची अधिकृत सोय साधारणतः आठव्या पिढीपासूनच आहे. अशा यंत्रावर फ्लाइटगिअर चालवावा, आणि पैसे नव्या यंत्रासाठी साठवावेत.

हातात काय हवे

या साऱ्या हिशेबात एक वस्तू हमखास विसरली जाते, ती म्हणजे जॉयस्टिक. कळफलकावर विमान चालविणे म्हणजे बोटांनी टकटक करून बैलगाडी हाकण्यासारखे आहे. दांड्यावरील हलका, सतत बदलणारा दाब तेथे देताच येत नाही. दांडा पिळून रडर चालविता येईल, अशी एक साधी जॉयस्टिक नवशिक्यास पुरते. स्वस्त जॉयस्टिकमधील पोटेन्शिओमीटर झिजतात आणि विमान आपोआप एका बाजूस कलू लागते. चुंबकीय संवेदक असलेली जॉयस्टिक थोडी महाग पडली, तरी अधिक टिकते. शिकण्याच्या दृष्टीने पाहिल्यास दुप्पट सुंदर ढगांपेक्षा हा खर्च अधिक फळ देतो.

एक उदाहरण

समजा, सेक्टर ६ मधील एखाद्या घरात रायझन ५ २६०० प्रोसेसर, ८ गिगाबाइटची एक पट्टी, हार्ड डिस्क आणि ४ गिगाबाइटचे जीटीएक्स १०५० टीआय कार्ड असा संगणक आहे. पहिल्या महिन्यात साफसफाई व थर्मल पेस्ट, रॅमची दुसरी पट्टी आणि जॉयस्टिक, एवढाच खर्च करावा आणि मध्यम प्रतीचे चित्र ठेवून सराव सुरू करावा. दोन-तीन महिन्यांनी एसएसडी घ्यावी. तोवर आवड टिकून असेल, तर पुन्हा मोजणी करावी. या संगणकात अडथळा बहुधा कार्डात सापडेल. तेव्हा आधी एसएमपीएस तपासून ८ गिगाबाइटचे कार्ड घ्यावे. कार्ड बदलल्यावर अडथळा प्रोसेसरकडे सरकेल. हे स्वाभाविक आहे. एक कडी मजबूत झाली, की दुसरी सर्वांत दुबळी ठरते. तरीही चित्रसंख्या ३० च्या खाली जात नसेल, तर तेथेच थांबावे. जात असेल, तर त्याच बोर्डावर नवा प्रोसेसर बसवावा. प्रत्येक टप्प्यावर यंत्र वापरात राहते, आणि आवड ओसरली तर पुढचा खर्च वाचतो.

सुपेल्याच्या बाजारात, रायपुरात वा नागपूरच्या सीताबर्डीत वापरलेले कार्ड घ्यावयाचे झाल्यास ते निदान अर्धा तास पूर्ण भाराखाली चालवून पाहावे, पंख्यांचा आवाज ऐकावा, आणि हमीचा कागद व मूळ पावती मागून घ्यावी. हमीची सोय जवळच्या गावात असणे, हेही किमतीचेच एक अंग आहे.

यंत्राच्या मर्यादा

घरच्या पडद्यावर पोट खाली गेल्याची जाणीव होत नाही आणि चूक झाली तर इजाही होत नाही. केवळ पडद्यावर शिकलेल्यास बाहेर क्षितिजाकडे पाहण्याऐवजी उपकरणांवरच नजर खिळविण्याची खोड लागते, आणि ती प्रशिक्षकास पुढे मोडावी लागते. उलट पक्षी तपासणीच्या याद्या, उपकरणांचे वाचन, नकाशावरील मार्ग, रेडिओवरील संवादाचा क्रम आणि उतरण्याआधीची तयारी या गोष्टी येथे शंभर वेळा घोकता येतात, आणि त्यांसाठी चकचकीत देखावा लागत नाही. त्यांना लागते ते न अडखळणारे चित्र, हाती नीट बसणारा दांडा आणि रोजचा एक तास. पैसा कोठे घालावा हे ठरविताना या तीन गरजा डोळ्यांपुढे ठेवल्या, तर बेताच्या पगाराच्या घरातही भिलाईहून नागपूरपर्यंतचे आकाश आवाक्यात येते.